वादळात फुटलेली होडी आणि बायकांचे हात

(सोलापुरात भरलेल्या महिला कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)

माझ्या भाषणाचा विषय फलकावर वाचला तेव्हा तुमच्यापैकी काही जणी हसल्या, ते मी पाहिले. सोलापूरसारख्या दुष्काळी जिल्ह्यात होडीच्या दुरुस्तीवर कसले बोलायचे? इथे विडीच्या मजुरीवर बोलावे, यंत्रमागावर बोलावे, पाण्याच्या टँकरवर बोलावे. ते सगळे आपण बोलतोच, पुढेही बोलणार आहोत. पण याच जिल्ह्यात माढा तालुक्यात भीमेवर उजनीचे धरण आहे. १९८० साली ते पूर्ण झाले. सुमारे ११७ टीएमसी पाणी त्यात मावते. यशवंतसागर हे त्या जलाशयाचे नाव. सोलापूर शहराच्या नळाला येणारे पाणीही तिथलेच. आपण ते पितो, पण त्या पाण्याच्या काठावर राहणारी माणसे क्वचितच आपल्या चर्चेत येतात. करमाळा, माढा, इंदापूर, दौंड, कर्जत या तालुक्यांतल्या कितीतरी गावांच्या जमिनी त्या पाण्याखाली गेल्या. उन्हाळ्यात पाणी उतरले की पळसदेवच्या जुन्या देवळाचे दगड वर येतात आणि वर्तमानपत्रात फोटो छापून येतो. ज्यांची घरे त्या पाण्याखाली आहेत त्यांचा फोटो येत नाही.

धरणाने जमीन नेली आणि मासे दिले. कटला, रोहू, चिलापी. मासेमारी ज्यांचा पिढीजात धंदा होता ते भोई-कोळी तर पाण्यावर गेलेच, जमीन गेलेलीही काही कुटुंबे गेली. पाण्यावर जायचे तर होडी लागते. पूर्वी लाकडी होती, पत्र्याची होती. आता बऱ्याच ठिकाणी फायबरची आली. काही गावांना तर होडीशिवाय पलीकडे जाताच येत नाही. रस्त्याने जायचे तर कित्येक किलोमीटरचा वळसा, होडीने मात्र थोड्या वेळात पैलतीर.

२१ मे २०२४ ची संध्याकाळ आठवा. करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे निघालेली होडी वादळी वाऱ्यात उलटली. सहा माणसे बुडाली. त्यात लहान मुले होती. एक प्रवासी पोहून काठाला लागला. बाकीच्यांचे मृतदेह हाती यायला दोन दिवस लागले. त्यानंतर जॅकेट का नव्हते, होड्यांची तपासणी कोण करतो, पूल कधी होणार, असे प्रश्न सगळीकडे विचारले गेले. ते प्रश्न योग्यच होते. पण रोज त्या होडीवर ज्यांचे पोट आहे त्यांच्या घरात आणखी एक प्रश्न असतो, तो कोणी विचारत नाही. वादळात होडी फुटली तर ती नीट कोण करतो, त्याचे पैसे कोण देतो, आणि तोवर घरातली बाई चूल कशावर पेटवते? मी आज या प्रश्नावर बोलणार आहे.

आधी वादळाविषयी दोन शब्द. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये वळीव येतो. दिवसभर जमीन तापते, दुपारनंतर ढग उभे चढतात आणि त्यातून थंड हवा एकदम खाली कोसळते. ती जमिनीवर आपटून चारी बाजूंना पसरते. पाण्यावर तिला अडवायला झाड नाही, टेकडी नाही. काठावरच्या जाणत्या बायका सांगतात, वारा एकदम पडला आणि अंगाला गार झुळूक लागली की पाण्यात असू नये. हे त्यांचे ज्ञान आहे, आणि ते बरोबर आहे. पण माणूस काठावर आला तरी होडी पाण्यातच बांधलेली असते. ती रात्रभर दगडावर आपटत राहते. सकाळी पाहावे तर नाळ, म्हणजे होडीचे पुढचे टोक, फुटलेले. कोकणात हेच मोठ्या प्रमाणावर घडले. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. मे २०२१ मध्ये तौक्ते किनाऱ्याजवळून गुजरातकडे गेले आणि वाटेत सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या बंदरांत नांगरून ठेवलेल्या होड्यांची नासधूस करून गेले. धंद्याला निघालेल्या होड्याही नव्हत्या त्या, सुरक्षित म्हणून बंदरात आणून ठेवलेल्या होत्या.

आता काही जणी म्हणतील, हे पुरुषांचे काम, यात बायकांचा काय संबंध? यासाठी मला तुम्हाला दोन नौकांची गोष्ट सांगायची आहे. गोव्यात मांडवीच्या पात्रात दिवाडी नावाचे बेट आहे. तिथे रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात नौदलासाठी ‘म्हादेई’ नावाची शिडाची नौका बांधली गेली. लाकडाचा गाभा आणि त्याच्या दोन्ही अंगांना फायबरचे थर, असे तिचे अंग आहे. लांबी ५६ फूट. २००९ साली ती नौदलात आली. याच नौकेतून दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीला प्रदक्षिणा घालून आले. असे करणारे ते पहिले भारतीय. त्याच घडणीची दुसरी नौका ‘तारिणी’ २०१७ साली नौदलात आली. १० सप्टेंबर २०१७ ला वर्तिका जोशी, प्रतिभा जामवाल, स्वाती पी., ऐश्वर्या बोड्डपाटी, विजयादेवी आणि पायल गुप्ता या सहा अधिकारी स्त्रिया तिच्यातून गोव्याहून निघाल्या आणि २१ मे २०१८ ला पृथ्वीप्रदक्षिणा करून परत आल्या. वर्तिका जोशी त्यांच्या कप्तान होत्या, कोळ्यांच्या भाषेत तांडेल. सोबत एकही पुरुष नव्हता.

तेव्हा वर्तमानपत्रांत त्यांच्या धाडसाचे कौतुक झाले, आणि ते व्हायलाच हवे होते. मला मात्र त्यांच्या तयारीचे महत्त्व अधिक वाटते. जुन्या म्हादेईवर त्यांनी आधी शिक्षण घेतले, ते दोंदे यांच्या हाताखाली. शीड चढवणे-उतरवणे हा त्याचा एक भाग. फाटलेले शीड शिवणे, दोर आणि तारा तपासणे, इंजिन खोलणे, सुकाणू बघणे हाही त्याच शिक्षणाचा भाग. कारण दक्षिणेच्या महासागरात मेकॅनिकला हाक मारता येत नाही. पॅसिफिकमध्ये त्यांना मोठे वादळ लागले, त्यातून त्या निभावल्या. परतीच्या वाटेवर हिंदी महासागरात सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाला, तेव्हा मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरात थांबून तो नीट करून घ्यावा लागला. ते बंदर त्यांच्या ठरलेल्या मुक्कामांत नव्हते. म्हणजे बंदर गाठेपर्यंत मोडक्या यंत्रणेनिशी नौका चालवण्याचे काम त्यांनाच करावे लागले. पुढे २ ऑक्टोबर २०२४ ला त्याच तारिणीतून दिलना के. आणि रूपा ए. या दोघीच निघाल्या आणि २९ मे २०२५ ला परतल्या. तोवर नौका आठ वर्षांची जुनी झालेली होती. जुन्या नौकेवर कुठे काय कुरकुरते आहे हे ओळखणे हा त्यांच्या रोजच्या कामाचा भाग होता.

या नौदलातल्या अधिकारी. त्यांना पगार आहे, शिक्षण आहे, पाठीशी सरकार आहे. उजनीच्या काठावरच्या बाईची त्यांच्याशी तुलना करणे बरोबर नाही, हे मला कळते. पण एवढे तर सिद्ध झाले, की फायबरच्या नौकेची देखभाल आणि दुरुस्ती करायला जे लागते ते बाईच्या हातात आणि डोक्यात आहे. ते तिला शिकवले गेले की नाही, एवढाच फरक उरतो.

आता ते काम नेमके काय असते, ते सांगते. ही माहिती आपल्या गटांनी लिहून घ्यावी.

फायबर म्हणजे काचेचे बारीक धागे. त्यांची चटई मिळते, तिला बाजारात मॅट म्हणतात. त्या मॅटवर रेझिन नावाचे पातळ रसायन लावायचे. त्यात हार्डनर मिसळला की ते थोड्या वेळात घट्ट होते. असे थरावर थर देऊन होडी बनते. आपण गोधडी शिवताना जुन्या लुगड्यांचे पदर एकावर एक घालतो, तसे. गोधडीला दोरा धरून ठेवतो, इथे रेझिन धरून ठेवते. होडी आपटते तेव्हा कधी वरचा जेलकोट, म्हणजे रंगीत चकचकीत थरच फुटतो, कधी आरपार भोक पडते. आणि कधी वरून काहीच दिसत नाही, पण आतले पदर एकमेकांपासून सुटलेले असतात. हे सुटलेले पदर सगळ्यात फसवे.

म्हणून पहिले काम पाहणीचे. होडी काठावर ओढून पालथी घालायची, गोड्या पाण्याने धुवायची. मग लाकडी मुठीने किंवा नाण्याने सगळीकडे टकटक करत जायचे. धड जागी टणक आवाज येतो, सुटलेल्या जागी बद्द आवाज येतो. माठ घेताना आपण वाजवून बघतो की नाही, तेच हे. बद्द जागेभोवती खडूने रेघ मारायची. आता कळले किती नुकसान आहे ते. हे टकटक कोणत्याही बाईला एका सकाळी शिकता येते, आणि कारागीर खर्च सांगेल तो खरा की फुगवलेला, हे तिला स्वतःला ठरवता येते.

दुसरे काम वाळवण्याचे. ओल्या फायबरवर नवे रेझिन धरत नाही. घाई केली की ठिगळ पुढच्या पावसात सुटते. ओल आहे की नाही हे बघायला पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा कडा चिकटवून त्या जागेवर लावायचा. दिवसभर ऊन खाऊन आतल्या बाजूला थेंब दिसले तर अजून ओल आहे. होडी जुनी असेल तर वाळायला जास्त दिवस लागतात, कारण वर्षानुवर्षे पाणी आत मुरलेले असते.

तिसरे काम कापण्याचे. फुटका, पांढरा पडलेला भाग दया न करता काढून टाकायचा. उरलेल्या धड कडा ग्राइंडरने उतरत्या घासायच्या. होडीच्या जाडीच्या बारापट रुंद उतार, हा हिशेब लक्षात ठेवा. होडी ५ मिलिमीटर जाड असेल तर भोकाच्या चारी बाजूंना ६ सेंटिमीटरची उतरती कड हवी. उतार दिला नाही तर नवे ठिगळ जुन्याला नुसते टेकते, धरत नाही. भोक आरपार असेल तर बाहेरून प्लास्टिक गुंडाळलेली फळी लावायची आणि आतून थर द्यायचे.

मग थर. मॅटचे तुकडे एकापेक्षा एक मोठे कापून घ्यायचे. रेझिन लावून तुकडा बसवायचा आणि रोलर फिरवून हवा काढायची. पांढरे ठिपके दिसले म्हणजे हवा राहिली किंवा रेझिन कमी पडले. एका वेळी फार थर द्यायचे नाहीत, कारण रेझिन घट्ट होताना तापते. आपल्याकडच्या उन्हात तर ते भांड्यातच घट्ट होते. म्हणून काम पहाटे किंवा सावलीत करायचे आणि एका वेळी थोडेच रेझिन कालवायचे. साधारण एक किलो रेझिनला १० ते २० मिलिलिटर हार्डनर लागतो, उन्हाळ्यात त्यातला कमीच. डब्यावर लिहिलेले प्रमाण आधी वाचायचे. शेवटी घासून, पुट्टी भरून, वर जेलकोट किंवा रंग. पूर्ण कडक होईपर्यंत काही दिवस होडी पाण्यात घालायची नाही. एक गोष्ट जुन्या होडीसाठी. इपॉक्सी नावाचे रेझिन जुन्या फायबरला अधिक चांगले धरते, पण ते महाग असते आणि त्याच्यावर नेहमीचा जेलकोट भरवशाने धरत नाही. तिथे रंगच लावावा.

शिडाच्या नौकेला याशिवाय आणखी तपासणी लागते. डोलकाठी, तिला ताणून धरणाऱ्या तारा, त्या तारा नौकेच्या अंगाला जिथे अडकवल्या असतात ती जागा, सुकाणू, तळाचा वजनदार भाग. वादळाचा सगळा ताण या जोडांवर येतो. अंग चकचकीत दिसते आणि जोड मात्र सैल झालेला असतो. आपल्या होड्यांच्या बाबतीत एक गोष्ट अशीच डोळ्याआड राहते. फायबर स्वतः पाण्यात बुडते. होडीत पाणी भरले तरी ती तरंगत राहावी म्हणून टोकांना बंद कप्पे असतात, त्यात फोम भरलेला असतो. वादळानंतर त्या कप्प्यांत पाणी शिरले आहे का, ते बघायलाच हवे. ते कोणी बघत नाही. पुढच्या वादळात माणसांचा जीव त्यावर असतो.

आणि तब्येतीचे. या कामात रसायन आहे, धूळ आहे. तंबाखूची धूळ छातीत घेऊन विड्या वळणाऱ्या बायकांच्या शहरात मी हे सांगते आहे, त्यामुळे तुम्हाला ते पटकन समजेल. फायबरच्या धुळीने अंगाला खाज सुटते, ती फुप्फुसात जाऊ नये म्हणून चांगला मास्क हवा. रेझिनच्या वासाने डोके धरते, म्हणून काम उघड्यावरच करायचे. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो, म्हणून चष्मा आणि हातमोजे. रेझिन लवकर घट्ट व्हावे म्हणून कोबाल्ट नावाचे रसायन घालतात. ते आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळायचे नाही, स्फोट होतो. कोबाल्ट आधीच घातलेले रेझिन विकत मिळते, तेच आणावे. बायकांना काम द्यायचे आणि मास्क द्यायचा नाही, ही पद्धत आपण विडीत पाहिली. ती इथे सुरू होऊ द्यायची नाही.

आता तुम्हाला करमाळ्याकडच्या एका बाईविषयी सांगते. तिचे नाव सांगत नाही. नवरा आजारपणात गेला. मागे दोन मुली, सासू आणि एक फायबरची होडी. चुलतभाच्याला होडीवर पाठवून ती मासे विकत होती. एका वळवाच्या रात्री होडी दगडांवर आपटली आणि नाळेला वीतभर भोक पडले. दीर म्हणाला, “वहिनी, आता ही भंगारात घाला. मी गिऱ्हाईक बघतो.” ती माझ्याकडे आली तेव्हा रडत नव्हती, चिडलेली होती. म्हणाली, “ताई, होडी भंगारात घातली तर मी कुठं जाऊ? मलाबी भंगारातच घालतील ना!”

आम्ही दोन गोष्टी एकदम हाती घेतल्या. एक, होडी कोणाची हे कायद्याने बघितले. नवरा मृत्युपत्र न करता गेला असेल तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे बायको, मुलगे, मुली आणि आई हे पहिल्या वर्गाचे वारस. त्यांच्यातले कोणी हयात असताना भावाला वारसा मिळत नाही. होडी ही जंगम मालमत्ता, तिलाही हाच नियम. जमिनीच्या बाबतीत आपण हे बायकांना सांगत आलो, होडीच्या बाबतीत सांगितले नव्हते. दिराचे म्हणणे असे, की होडी एकत्र कुटुंबाच्या पैशातून घेतली. अशा वेळी पावती कामाला येते. सुदैवाने सासूने ती पत्र्याच्या पेटीत जपून ठेवली होती, आणि सासू सुनेच्या बाजूने उभी राहिली. ही गोष्ट मुद्दाम सांगते, कारण सासू-सुनेच्या भांडणाच्या कथा आपण नेहमी ऐकतो.

दुसरी गोष्ट दुरुस्तीची. एक कारागीर मिळाला. आम्ही त्याला अट घातली, की काम करताना गटातल्या चार बायकांना शिकवायचे. तो म्हणाला, “मावशी, हे केमिकलचं काम हाय, बायकांचं न्हाई.” त्यावर ती म्हणाली, “आरं बाबा, जाळं विणायचं बाईनं, मासे विकायचं बाईनं, पावसात होडी ओढायला हात लावायचा बाईनं. मग होडीचं भोकच तेवढं बाप्याचं व्हय?” तो हसला आणि शिकवायला तयार झाला. चौघींनी टकटक करून आणखी दोन बद्द जागा शोधल्या, त्या त्याच्या नजरेतून सुटल्या होत्या. मॅट कापायला आणि हवा काढायला तर त्यांचे हात त्याच्यापेक्षा सरस निघाले. ज्यांनी आयुष्यभर जाळ्याची गाठ आणि गोधडीचा टाका घातला, त्यांना हे जड जाणार नव्हतेच.

होडी पाण्यात गेली. पण गोष्ट इथे गोड होत नाही. जलाशयावरची मासेमारी बहुतेक ठिकाणी सहकारी संस्थांमार्फत चालते, आणि सभासद म्हणून नोंद नवऱ्याची होती. त्याच्या जागी तिचे नाव लावण्याचा अर्ज संस्थेत पडून आहे. मासा तिचा, होडी तिची, कागद मात्र मेलेल्या नवऱ्याचा. तिच्याबरोबर आम्ही पुन्हा पुन्हा जातो आहोत.

आता पैशाचे बोलू. वादळाने होडीचे नुकसान झाले तर सरकारी मदत मिळते, पण किती? आपत्ती मदतीचे २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठीचे केंद्राचे निकष पाहा. अंशतः नुकसान झालेल्या होडीच्या दुरुस्तीला ६,००० रुपये, पूर्ण गेलेल्या होडीला १५,००० रुपये. जाळ्याच्या दुरुस्तीला ३,००० आणि पूर्ण गेलेल्या जाळ्याला ४,०००. त्याआधीच्या निकषात दुरुस्तीला ४,१०० आणि पूर्ण होडीला ९,६०० होते. तौक्तेनंतर महाराष्ट्र सरकारने वाढीव मदत जाहीर केली, त्यात अंशतः नुकसानीला १०,००० आणि पूर्ण नुकसानीला २५,००० रुपये होते. एवढ्या पैशात नवी होडी येत नाही, हे मी सांगायला नको.

पण त्याहून मोठा मुद्दा असा, की ही मदत होडीच्या मालकाला मिळते. वादळानंतर होडी काठावर पडून असते, तेव्हा टोपलीत मासे घेऊन गावोगाव फिरणारी बाईही बेकार होते. तिची टोपली, तिचा बर्फ, तिचे उधारीचे गिऱ्हाईक, हे कोणत्या पंचनाम्यात लिहायचे? २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर हाच अनुभव आला. फायबरच्या होड्यांचा पूर आला, त्या पुरुषांच्या नावावर वाटल्या गेल्या, आणि मासे विकणाऱ्या, सुकवणाऱ्या बायका बराच काळ यादीच्या बाहेर राहिल्या. कोकणातल्या मासेविक्रेत्या बायकांचाही हाच प्रश्न आहे. मासेमार म्हणजे जाळे टाकणारा पुरुष, एवढीच व्याख्या सरकारी कारकुनाच्या डोक्यात असते.

याच्या उलटी बाजूही आहे. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत सर्वसाधारण लाभार्थ्याला ४० टक्के, तर स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अनुदान ठेवले गेले. तरतूद चांगली. पण त्यामुळे काय होते, तर बाईच्या नावावर अर्ज करायचा, तिचा अंगठा घ्यायचा, आणि होडी, कर्ज, हिशेब सगळे पुरुषाच्या ताब्यात. कर्ज थकले की नोटीस मात्र तिच्या नावाने. ज्या बाईला आपल्या नावावरच्या होडीचे बद्द आवाज ओळखता येतात, भोकाचा खर्च सांगता येतो, तिला नावापुरती मालकीण करणे अवघड जाते. दुरुस्ती येणे म्हणजे ताबा असणे, म्हणून मी या कौशल्याचा एवढा आग्रह धरते.

सोलापूरच्या बायकांना हे नवे नाही. कुंभारीला विडी कामगार बायकांसाठी गोदूताई परुळेकर यांच्या नावाची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली, तीही मोर्चे काढून, तुरुंगात जाऊन, वर्षानुवर्षे भांडून. त्या लढ्याने आपल्याला शिकवले, की निवारा मागायचा तर हक्क म्हणून मागायचा. होडी ही पाण्यावरच्या बाईची रोजी आहे. तिच्यासाठीही तसेच भांडावे लागेल.

तर आपल्या गटांनी पुढच्या उन्हाळ्याआधी काय करावे, ते थोडक्यात सांगते. आपापल्या भागातल्या होडीवाल्या कुटुंबांची यादी करा, आणि प्रत्येक होडीचा कागद कोणाच्या नावावर आहे ते लिहा. विधवा आणि टाकलेल्या बायकांची वेगळी नोंद करा. होडीची पावती, फोटो, नोंदणीचा कागद बाईच्या हाताशी असू द्या. वादळानंतर लगेच होडीचे चारी बाजूंनी फोटो काढा, तलाठ्याला लेखी कळवा, त्याची पोच घ्या, आणि पंचनामा होईपर्यंत फुटका भाग कापू नका. पंचनाम्यावर घरातल्या बाईची सही असावी असा आग्रह धरा, त्यात मासे विकणारीचे नुकसानही लिहायला लावा. सहकारी संस्थांत बायकांचे सभासदत्व मागा. फायबर दुरुस्तीचे शिक्षण बायकांना मिळावे अशी मागणी मत्स्यव्यवसाय खात्याकडे आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांकडे करा, मास्क आणि हातमोजे त्यात धरून. आणि प्रवासी होडीत जॅकेट आणि तरंगते कप्पे तपासल्याशिवाय चढू नका, मुलांना चढवू नका. तपासणी मागणाऱ्या बाईला भित्री म्हणतील. म्हणू द्या.

मैत्रिणींनो, वळीव दर वर्षी येणार आहे, समुद्रावरची वादळेही येणार आहेत. होड्या फुटणार आहेत. त्या फुटल्यावर बाईने काठावर बसून कोणाची तरी वाट पाहायची, की खडू घेऊन टकटक करायला उठायचे, हे आपल्याला ठरवायचे आहे. त्या चौघी बायका आता शेजारच्या गावातली होडी बघायला जातात. त्यांना त्याचे पैसेही मिळतात. तुमच्या गावातल्या चौघी कोण, त्यांची नावे आजच शिबिर संपण्याआधी माझ्याकडे द्या.